ऋण न काढता दिवाळी: गणगोतासाठी परवडणाऱ्या भेटी

वऱ्हाडात दिवाळी येते तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, कापसाचा पहिला वेचा सुरू असतो, पण हातात पैसा आलेला असतोच असं नाही. 2025-26च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. मात्र हमीभावाच्या खरेदीला दाण्यातला ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आत लागतो. परतीच्या पावसात भिजलेला माल वाळवायला दिवस लागतात, सण तर तोंडावर आलेला असतो, म्हणून मिळेल त्या भावात तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. शहरातही हीच ओढाताण असते. अकोल्याच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा, अमरावतीत कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, शाळेत तासिका तत्त्वावर शिकवणारा, अशा कितीकांना दिवाळीचा बोनस मिळतच नाही.

गणगोत मात्र सगळ्यांचं सारखंच मोठं. बहिणी, जवाई, भाचे-भाच्या, मोठेबाबा, मामा, आत्या, जावा, नणंदा आणि यंदाच जुळलेली नवी सोयरीक. प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावं असं मनापासून वाटतं आणि खिशाकडे पाहिलं की जीव कासावीस होतो. थोड्या पैशांत सगळ्यांना देता येतं. त्यासाठी बाजारात जाण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: एकूण किती खर्चायचं, घरटी किती द्यायचं आणि तयारी कधीपासून करायची.

## देण्याच्या जुन्या रीती स्वस्तच होत्या

महाग भेट म्हणजे मान, हा समज अलीकडचा आहे. दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पानं देतो आणि त्याला सोनं म्हणतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. रोजचा खाऊ डब्यात झाकून ठेवायचा, डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. आत मुरमुरे-फुटाणे असले तरी ओळखण्याची मजा कमी होत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारात आलेल्या पोरांना बोजारा मिळतो, तो चार नाण्यांचा. संक्रांतीचं वाण तर मुळातच सगळ्या बायकांना एकच, सारखं आणि छोटं असतं.

याच मातीतल्या दोन संतांनी खर्चाबद्दल सरळ सांगितलं आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी कीर्तनातून लोकांना हेच बजावलं की कर्ज काढून सण आणि लग्नं करू नका, तो पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त संसार, सण-उत्सव आणि लग्नकार्य यांतली उधळपट्टी कशी टाळावी, याचा विचार मांडला. त्यामुळे यंदा हात आवरून दिवाळी केली तर त्यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही.

## आधी यादी, मग बाजार

एका वहीत माणसांची नाही, घरांची यादी करा. मोठेबाबांच्या घरात सात माणसं असली तरी घर एक, भेट एक. अशा रीतीने पस्तीस-चाळीस माणसांचं गणगोत दहा-बारा घरांत बसतं. मग त्यातून वेगळ्या काढायच्या त्या तीनच गटांच्या ओळी: बहिणी (कारण भाऊबीज आहे), लहान मुलं आणि घरातली सगळ्यात वडीलधारी माणसं.

दुसरा नियम असा की एका नात्यातल्या सगळ्यांना एकसारखंच द्यावं. एका जावेला साडी आणि दुसरीला रुमाल गेला की तो विषय पुढच्या लग्नापर्यंत पुरतो. तीन बहिणी असतील तर तिघींची ओवाळणी सारखी. एखादी खरोखर अडचणीत असेल, तर तिला जास्तीचं वेगळ्या दिवशी, कोणाच्या नजरेत न येता द्यावं.

## तीन हजारांचा हिशेब

बारा घरं, तीन बहिणी, दहा मुलं आणि दोन म्हातारी माणसं असं गणगोत धरू. भाव गावागणिक बदलतात, पण वाटणीची रीत अशी ठेवता येते:

- घरटी जवसाच्या चटणीची बरणी: 12 × 50 = 600 रुपये
- घरटी फराळाचा डबा किंवा पुडा: 12 × 50 = 600 रुपये
- बहिणींची ओवाळणी: 3 × 300 = 900 रुपये
- मुलांना: 10 × 50 = 500 रुपये
- वडीलधाऱ्यांना: 2 × 150 = 300 रुपये
- अचानक आलेल्या पाहुण्यासाठी राखीव: 100 रुपये

बेरीज 3,000. हीच रक्कम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आठ महिने बाजूला काढली तर महिन्याला 375 रुपये पडतात. घरात पैसा टिकत नसेल तर गल्लीतल्या बायकांची भिशी किंवा बचत गट हा चांगला मार्ग आहे. भिशीचा आपला नंबर दिवाळीच्या महिन्यात मागून घ्यावा. तीन हजार जमत नसतील तर दीड हजारात करा. सगळ्या ओळी निम्म्या होतील, पण एकही घर यादीतून कापावं लागणार नाही.

## जवसाची चटणी: एका दुपारचं काम

वऱ्हाडी जेवणात भाकरीबरोबर जवसाची चटणी असतेच. पुण्या-मुंबईकडे गेलेली आपली माणसं ती हटकून मागतात. बारा बरण्यांसाठी दोन किलो जवस, पाव किलोच्या आतबाहेर लसूण, शंभर-सव्वाशे ग्रॅम तिखट, थोडं जिरं आणि मीठ एवढंच लागतं. किराणा अमरावतीत सक्करसाथेतून किंवा गावातल्या ठोक दुकानातून घेतला तर फरक कळतो.

जवस निवडून घ्यावं, त्यात बारीक खडे असतात. लोखंडी कढईत मंद आचेवर थोडं थोडं भाजावं. दाणे तडतडायला लागले आणि खमंग वास सुटला की लगेच परातीत काढावं. कढईतच ठेवलं तर खालचं करपून चटणी कडवट होते. लसूण सोलून, त्यातलं पाणी उडेपर्यंत कोरडा परतून घ्यावा. ओला लसूण घातलेली चटणी टिकत नाही. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवला की जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. कांडी-मुसळ किंवा खलबत्ता असेल तर चव आणखी चांगली येते.

जवसात तेल भरपूर असतं, त्यामुळे चटणी जुनी झाली की खवट वास येतो. म्हणून ती सणाच्या आठवडाभर आधीच करावी, कोरड्या बरणीत घट्ट झाकणाने भरावी आणि बरणीवर तारीख चिकटवावी. महिनाभरात संपवा, असं तोंडी सांगावं. बरण्या नव्याच हव्यात असं नाही. घरातल्या काचेच्या रिकाम्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवल्या तर तेवढेही पैसे वाचतात.

याच रीतीने तिळाची, कऱ्हाळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी करता येते. उन्हाळ्यात केलेले सरगुंडे, शेवया, कुरोड्या आणि मुंगवड्या घरात शिल्लक असतील तर त्यांचा अर्धा पाव पुडा ही शहरातल्या नातेवाइकांसाठी फार मोलाची भेट आहे.

## फराळ: एका घराने एकच पदार्थ

प्रत्येक घरात सात-आठ पदार्थ आणि प्रत्येकाचं सामान वेगळं, यात पैसा आणि बाईचा जीव दोन्ही जातात. त्याऐवजी जवळ राहणाऱ्या पाच घरांनी वाटून घ्यावं. एकीने शेव, दुसरीने चिवडा, तिसरीने शंकरपाळे, चौथीने बेसनाचे लाडू आणि पाचवीने करंज्या. प्रत्येकीने पाच किलोचा एकच घाणा काढायचा आणि पाच वाटे करायचे. सामान ठोक भावात मिळतं, गॅस कमी जळतो, तळणाचं तेल एकाच बैठकीत कामी येतं आणि पाचही घरांत पाच पदार्थ पोहोचतात.

ज्या घरात त्या वर्षी दुःख झालं असेल आणि कढई चढणार नसेल, त्या घराचाही वाटा आठवणीने बाजूला काढावा. आपल्याकडे ही रीत आहेच, ती सुटू देऊ नये.

खव्याच्या मिठाईपासून सणाच्या दिवसांत दूर राहिलेलं बरं. ती महाग असते, दोन दिवसांत खराब होते आणि भेसळीच्या बातम्या दर दिवाळीत येतात. रवा, बेसन, पोहे आणि गूळ यांचे पदार्थ प्रवासात टिकतात आणि कोणाला बाधत नाहीत.

## वऱ्हाडात पिकतं आणि घडतं ते

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. बागेतून किंवा रस्त्याकडेच्या ढिगावरून चार घरांनी मिळून एक-दोन क्रेट घेतले आणि डझनावारी वाटून घेतले तर घरटी भेट अगदी कमी पैशांत होते. दिवाळी लवकर आली तर फळ आंबट असतं. घेण्याआधी एक सोलून बघावं.

डाळीच्या बाबतीत हंगाम ओळखून द्यावं. अकोल्यात डाळमिल भरपूर आहेत, पण नवी तूर बाजारात येते ती संक्रांतीच्या आगेमागे. दिवाळीत नवा असतो तो मूग आणि उडीद. शहरातल्या बहिणीला दिवाळीत घरच्या मुगाची डाळ आणि संक्रांतीला नव्या तुरीची डाळ दिली, तर एकाच शेतातून वर्षातल्या दोन भेटी निघतात.

मेळघाटात चिखलदरा तालुक्यातलं आमझरी हे मधाचं गाव म्हणून पुढे आलं आहे. मधाची छोटी बाटली मधुमेह नसलेल्या वडीलधाऱ्यांना देता येते. थंडीत मध थिजला म्हणजे तो भेसळीचा, असं समजू नये. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हे बाळ असलेल्या घरी देताना आवर्जून सांगावं.

धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या बांबूच्या राख्यांनी मेळघाटातल्या आदिवासी कारागिरांना काम दिलं. बांबूची छोटी वस्तू, गावच्या कुंभाराकडच्या पणत्या किंवा बचत गटाच्या बायकांनी केलेल्या वाती घेतल्या, तर आपले पन्नास रुपये दोन घरांची दिवाळी साजरी करतात. कुंभाराशी त्यात घासाघीस करू नये.

## कापड घ्यायचं तर वापरात येईल असं

आहेरात मिळालेली ब्लाऊजपीसं एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यावर शंभर-दीडशे रुपये घालण्याऐवजी रोज हातात येणारी वस्तू द्यावी: सुती टॉवेल, पुरुषांना दुपट्टा, शेतात जाणाऱ्या वहिनीला डोक्याला बांधायचा मोठा रुमाल, बाजाराची जाड कापडी पिशवी.

अमरावतीजवळ नागपूर महामार्गाकडे बिझिलँड आणि सिटीलँड ही कापडाची ठोक बाजारपेठ आहे. ठोक दुकानदार सहसा सुटा नग देत नाहीत, म्हणून तीन-चार घरांनी एकत्र जावं आणि डझनाने घ्यावं. खादीच्या दुकानांत गांधी जयंतीपासून सूट सुरू होते. टॉवेल-रुमाल तेव्हाच घेऊन ठेवावेत. शिवणयंत्र घरी असेल तर वीस मीटरच्या एका ताग्यात चाळीसेक पिशव्या सहज होतात.

जुन्या सुती लुगड्यांची गोधडी ही तर बिनपैशांची आणि सगळ्यांत मायेची भेट आहे. चार-पाच लुगडी, दोरा आणि दुपारचा वेळ लागतो. आजीच्या लुगड्याची गोधडी नातीच्या बाळंतपणात गेली, तर तिच्यासमोर दुकानातलं ब्लँकेट फिकं पडतं.

## भाचे-पुतणे

लहान मुलांना पन्नास रुपयांत आनंद होतो, मोठ्यांच्याच डोक्यात किंमत असते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतं आणि आजही खिशाला परवडतं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं चित्रांसह स्वस्तात मिळतात. चित्रकलेची वही आणि रंगखडू, दोऱ्यासकट भवरा, काचेच्या गोट्या, उड्या मारायची दोरी, हे सगळं त्याच पैशांत बसतं.

थोडी मोठी मुलं असतील तर रोप द्यावं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लिंबाचे पीडीकेव्ही बहार आणि पीडीकेव्ही चक्रधर असे वाण दिले आहेत. चांगल्या रोपवाटिकेतलं लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप मुलाच्या नावाने द्यावं. जमिनीत लावायची घाई नको. आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, म्हणून पहिला उन्हाळा कुंडीत, सावलीला आणि मृगाच्या पावसानंतर जमिनीत.

## म्हातारी माणसं

ऐंशीच्या घरातल्या आत्याला नवी वस्तू नको असते. तिला माणूस हवा असतो. एसटीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे आत्याला बाळापुराहून अकोल्याला दोन दिवस माहेरी आणायला खर्च जवळपास नाहीच. कोणीतरी तिला जाऊन घेऊन यावं आणि परत पोहोचवून द्यावं, एवढंच लागतं.

दुसरी भेट जुन्या फोटोंची. आजी-आजोबांचा एखादा पिवळा पडलेला फोटो मोबाइलवर नीट उजेडात टिपून फोटो स्टुडिओतून बारा प्रती काढाव्यात. एका प्रतीला दहा-पंधरा रुपये लागतात आणि जो फोटो एकाच घरात होता तो बाराही घरांत जातो. मागे नावं, गाव आणि माहीत असेल तर साल लिहावं. तसंच आजीला येणारी भुलाबाईची आणि जात्यावरची गाणी एका वहीत उतरवून तिच्या झेरॉक्स प्रती लेकी-सुनांना द्याव्यात. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.

## लांब राहणाऱ्यांसाठी

कुरिअरला कधीकधी वस्तूपेक्षा जास्त पैसे पडतात. मुंबईला अंबा एक्सप्रेसने किंवा पुण्याला ट्रॅव्हल्सने जाणारं गावचं कोणी असेल तर पाच घरांचे पुडे एका पिशवीत, नावं लिहून पाठवावेत. पुस्तकं पाठवायची असतील तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा 1 मे 2025पासून सुरू झाली आहे. सुरुवातीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये असे ठेवले होते, कर वेगळा. यात फक्त पुस्तकं जातात, चटणी-फराळ नाही.

## आधी बोलून घ्यावं

निम्मा खर्च गैरसमजापोटी होतो. भावाला वाटतं बहिणीला साडीच हवी, बहिणीला वाटतं परतभेटीला जवायाचा शर्टपीस द्यावाच लागेल. दोघंही उसनवारी करतात आणि दोघांनाही ते नको असतं. म्हणून दसऱ्यालाच फोन करून मोकळं बोलावं.

“बाई, यंदा सोयाबीननं काही साथ देल्ली नाही. साडी नाही जमत मले.”

“साडी काय कराची मले भाऊ? तू लेकराईले घेऊन ये, दोन दिस राय. तेच लय झालं.”

अशी बोलणी झाली की दोन्ही घरांवरचं ओझं उतरतं. आपल्याकडे भाऊबीज एका दिवसात संपत नाही, कार्तिकात बहिणी सवडीने येत राहतात. त्यामुळे एकाच दिवशी सगळं जमवण्याची घाईही नको. चार भाऊ असतील तर चौघांनी मिळून एका वर्षी एका बहिणीला नीट, उपयोगाची वस्तू द्यावी, पुढच्या वर्षी दुसरीला. बाकीच्यांना नारळ आणि ओवाळणी. हे एकदा सगळ्यांसमोर ठरलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

## काय टाळायचं

मोबाइलवर ‘आता घ्या, नंतर भरा’ म्हणणारी खरेदी, बिनव्याजी हप्ता म्हणून गळ्यात मारलेली वस्तू, आणि बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या कर्जातून केलेली साड्यांची खरेदी, या तिन्ही वाटा बंद ठेवाव्यात. सणाची हौस चार दिवसांची असते आणि हप्ता दर आठवड्याला दारात येतो. सोनं तारण ठेवून तर आहेर करूच नये.

शेतकरी घराने एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी. दिवाळीच्या आसपासच रब्बीची पेरणी असते. हरभऱ्याला एकरी 25 ते 40 किलो बियाणं लागतं, शिवाय खत, डिझेल आणि मजुरी. बियाण्याचा पैसा आधी बाजूला काढावा, उरलेल्यातून भेटी. नोकरदार घराने मुलांची दुसऱ्या सत्राची फी आणि घरभाडं आधी काढून ठेवावं. हा क्रम चुकला की डिसेंबरात ज्याच्याकडे उसने मागायला जावं लागतं, तो बहुतेक वेळा दिवाळीत आपण भेट दिलेलाच नातेवाईक असतो.

ज्याला जे परवडतं ते त्याने मोकळ्या मनाने द्यावं आणि घेणाऱ्याने त्याची किंमत काढू नये. हा सगळा हिशेब घरातल्या पोरांसमोर, वही उघडी ठेवून करावा. पैसा कमी आहे हे लपवण्यापेक्षा तो कसा पुरवायचा हे त्यांना दिसू द्यावं. उद्या त्यांनाही संसार करायचा आहे आणि हे शिकवणारी शाळा घराबाहेर नाही.